बाराखडीची टाळी

बाराखडीबाई,

तुझ्यावर लिहून द्या म्हणून आपल्या पॉडकास्टच्या मंडळातली मंडळी माझ्या मागे हात धुऊन लागली आहेत. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "लिहा, पण रडकं लिहू नका." आयुष्यात रडकं कधी लिहिलं नाही, आता सत्तरी उलटल्यावर कुठून शिकू? फक्त एक अडचण आहे. तू समोर बसली आहेस असं समजून लिहायला घेतलं की मी तुला झापायलाच लागते आणि गोष्ट राहते बाजूला. म्हणून इथून पुढे तू 'ती' आणि मी 'कात्रीबाई'. तुझ्या कार्यक्रमातल्या शिंका, खोकले आणि खुर्च्यांची कुरकुर कापते म्हणून हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा तक्रार करू नकोस. आणि हो, माझा स्टँड अजून परत आलेला नाही. विसरले नाहीये मी. त्याचं शेवटी बघू.

तर.

ती एका विमा कंपनीत कामाला होती. कंपनीची इमारत बाहेरून काचेची, चकाचक. पण तळमजल्यावर मागच्या अंगाला, कँटीनच्या भांडी घासायच्या मोरीला लागून एक लांबट खोली होती, आणि वरच्या सगळ्या काचा त्या खोलीच्या जिवावर उभ्या होत्या. तिथे कोबोल चालायचं. कोबोल ही संगणकाची जुनी भाषा, कात्रीबाईच्याच पिढीतली. तरुण पोरं तिचं नाव ऐकून नाक मुरडतात, आणि त्यांच्याच आईबापांची पेन्शन, हप्ते आणि व्याज ती भाषा निमूटपणे मोजत असते. खोलीत नवा कोणी आला की ती पहिल्याच दिवशी सांगायची, "पदवी दाराबाहेर काढून ठेवा, चपलेसारखी. इथं बाराखडीपासून सुरुवात." त्यावरून तिचं नाव बाराखडी पडलं आणि खरं नाव पगारापुरतं उरलं.

खोलीतले जुने लोक एकेक करून निवृत्त होऊ लागले, तशी तिची झोप उडाली. एखादी ओळ प्रोग्रॅममध्ये का आहे हे फक्त ती लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. माणूस गेला की ते 'का' त्याच्याबरोबर जातं. "आपण माणसांना निरोपाला शाल देतो आणि त्यांचं डोकं तसंच घरी जाऊ देतो," असं ती साहेबांना म्हणाली. साहेब म्हणाले, "मग काय, डोकं काढून घेऊ?" ती म्हणाली, "हो, पण गप्पा मारून."

असा तिचा पॉडकास्ट सुरू झाला. नाव ठेवलं 'जुनं ते सुरू'. जगभर विखुरलेली कोबोलवाली माणसं बोलवायची, त्यांना बोलतं करायचं, आणि ते बोलणं कोणालाही फुकट ऐकता येईल असं टाकून द्यायचं. ऐकणारे मूठभर होते, पण ते मुंगळ्यासारखे चिकटले. त्यातूनच पुढे 'शिवणपेटी' उभी राहिली: जुने प्रोग्रॅम उसवले तर सांधायला लागणारी छोटी छोटी अवजारं सगळ्यांनी मिळून लिहायची आणि एका जागी ठेवायची. ज्याला जमेल त्यानं एक टाका घालावा. एक गिरणीतले निवृत्त हिशेबनीस होते आणि एक इस्पितळातला कारकून. दोघं टाका कुठून घालावा यावरून एकमेकांची इतकी उणीदुणी काढायचे की कात्रीबाईला अर्धा भाग कापावा लागे. "आजोबा, तुमचा प्रोग्रॅम म्हणजे बिनदाराचं घर आहे!" "आणि तुझा म्हणजे नुसतं दार! घर कुठाय?"

ती हसत हसत दोघांना गप्प करायची. घसा किंचित घोगरा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. लोक म्हणत, तिचा आवाज ऐकला की रक्तदाब उतरतो.

त्या आवाजाच्या घरात काय चाललं होतं ते लोकांना माहीत नव्हतं.

नवरा इमारती पाडण्याचे ठेके घ्यायचा. खांदे म्हणजे दरवाजाएवढे, आणि बाहेर जिभेवर साखर. कोणाच्या घरी कोणी आजारी पडलं तर गाडी घेऊन हा आधी हजर. "जावई असावा तर असा," असं तिच्याच माहेरी म्हणायचे. घरी तो मारायचा. आधी उलट्या हातानं, मग सुलट्या, मग हाताला येईल त्यानं. कारण लागायचंच असं नाही, आणि लागलंच तर आमटीपासून आवाजापर्यंत काहीही चालायचं. सासू त्याच घरात होती. मुलाचा आवाज चढला की ती टीव्हीचा आवाज चढवायची. इतका चढवायची की खालच्या मजल्यावरचे काठीनं छत ठोकायचे. "मला मेलीला ऐकू कमी येतं," असं म्हणायची. ऐकू तिला सुई पडलेलीसुद्धा यायची.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे झोपायच्या खोलीतलं भलंमोठं कपाट. एका पाडलेल्या बंगल्यातून नवऱ्यानंच ते उचलून आणलं होतं. जड लाकूड आणि दोन दारं, लोटली की तिजोरीसारखी बसायची. आतले कोट, गोधड्या आणि शाली प्रतिध्वनी पिऊन टाकायच्या. ती आत स्टुलावर बसायची, पुस्तकांच्या ढिगावर माइक, गुडघ्यावर यंत्र. यंत्रावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा होता. त्या दिव्याची एक गंमत तिला फार लवकर कळली: तो लागलेला असेपर्यंत नवरा हात लावत नसे. बाहेर लोक ऐकतात, आणि लोकांत त्याची इभ्रत होती. तो दाराशी उभा राहायचा, बोटं मोडायचा आणि वाट बघायचा. दिवा विझला की हिशेब.

म्हणून तिचे भाग लांबत चालले. अर्ध्या तासाचे तासाचे झाले, तासाचे दोन तासांचे. "बाई आता खुलल्या," असं म्हणून श्रोते खूश झाले. साऱ्या घरात तिला मार न खाता बसता येईल अशी ती एकच जागा होती, आणि ती जागा लाल दिव्याएवढी होती. ती जाऊ द्यायची नाही, एवढंच तिला कळत होतं. ऐकणाऱ्यांना पत्ता लागला, त्यांनी कीव केली, की तिथेही ती मार खाणारी बाईच होऊन बसणार. मग तिला उरलं काय?

आता टाळीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच फिरलं.

पाहुणा आपल्या घरी आपला आवाज रेकॉर्ड करतो, ती आपल्या घरी आपला. नंतर दोन्ही कात्रीबाईकडे येतात आणि तिनं ते जुळवायचे. जुळवायचे कसे? सुरुवातीला दोघं एकदम टाळी वाजवतात. पडद्यावर बोलणं टेकड्यांसारखं दिसतं, आणि टाळी एकच उंच सुईसारखी. सुईवर सुई ठेवली की प्रश्नाला उत्तर बरोबर येऊन मिळतं. कात्रीबाईचा हात यात इतका बसला होता की ती ऐकत नसे, नुसती बघायची. पहिली सुई दिसली की ठेवली सुईवर सुई.

एकदा गिरणीवाल्या हिशेबनिसांचा भाग आला. कात्रीबाईनं सुया जुळवल्या आणि चहा घेत ऐकायला बसली. आजोबा म्हणाले, "अहो, ते तर सगळं जळून खाक झालं! बरंच झालं म्हणा, उंदरांनी वात आणला होता." आणि त्यानंतर बाराखडीचा मधाळ प्रश्न: "तुमचे जुने सहकारी आता कुठे असतात?"

कात्रीबाईला चहा नाकात गेला. पुढेही तेच. आजोबा उत्तरं देऊन मोकळे, प्रश्न मागून धापा टाकत येतोय. म्हणजे सुई चुकली. तिनं बाराखडीच्या आवाजाची सुरुवात लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

कपाटात यंत्र सुरू करून ती बाहेर उभी असावी, म्हणून लाल दिवा त्याला दिसला नाही. आधी टीव्ही. मग टीव्हीचा आवाज वाढला, खूप वाढला. मग दार. एक पुरुषी आवाज, अगदी खालच्या पट्टीत: "त्या थेरड्याशी काय गं एवढं खिदळायचं असतं?" मग सुई, पण टाळीची नाही, गालावरची. मग काहीतरी लाकडावर आपटलं. मग श्वास, ओढून ओढून घेतलेला. दार लोटल्याचा आवाज. आणि लगेच तिचा आवाज, नेहमीचा, काडीचाही फरक नाही: "नमस्कार आजोबा! येतंय ना ऐकू? चला, टाळी देऊ."

आणि दुसरी सुई.

कात्रीबाईनं ताबडतोब फोन लावला.

"तो तुला मारतो."

"कोण? छे! काय बोलताय मावशी? ते दार आपटलं असेल."

"दाराला 'थेरड्या' म्हणता येत नाही."

मग घाईघाईनं, "मावशी, तेवढं कापून टाका. तुम्ही सगळंच कापता ना. खोकला कापता, भोंगे कापता..."

"खोकला कापते. हे कापणार नाही."

"कोणाला कळलं तर मी मेले."

"आणि नाही कळलं तर तो मारेल. निवड कर."

"तुमच्या पाया पडते."

"पाय दुखतात माझे, पडू नकोस. बॅग भर."

"कुठे जाऊ? सांगा ना, कुठे जाऊ?" आणि मग कडवट होऊन म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातंय? एकट्या आहात. टाळीला टाळी लावायची आणि चहा प्यायचा."

हे बरोबर होतं, आणि कात्रीबाईला ते मुळीच आवडलं नाही. तिनं फोन ठेवला आणि थेट विम्याच्या इमारतीत गेली. कँटीनमध्ये टेबलावर तिनं एक स्टँड ठेवला. माइकचा, जुन्या घडणीचा, खाली तव्याएवढं ओतीव लोखंडी बूड. टेबल हललं.

"हे कशाला?" बाराखडीनं विचारलं. तिच्या गालावर पावडर जरा जास्तच होती.

"पुस्तकांच्या ढिगावर माइक ठेवतेस, मांडी हलली तरी धडधड येते. कॉलेजच्या सभागृहातून आणला होता मी हा. मी परत नाही केला, पण तू करायचास. माझ्या घराजवळ एक खोली रिकामी आहे. घरमालकीण खाष्ट आहे, पण हात उचलत नाही. शिवणपेटीचा मोठा दिवस झाला की येतेस. येताना हा घेऊन ये."

"बघते."

"बघते नाही. येते म्हण."

"येते," ती म्हणाली. तिनं स्टँड उचलून बघितला. "बाई गं, हा आहे की जातं?"

ती खरंच बॅग भरू लागली. एकदम नाही. आज एक साडी, उद्या कागदपत्रं, परवा आईनं दिलेली चांदीची वाटी. बॅग कपाटातच, गोधड्यांच्या मागे. रेकॉर्डिंगला बसली की बॅग तिच्या पाठीला टेकायची.

मोठ्या दिवसाला थोडे दिवस उरले असताना हे घडलं. एक भाग संपला. लाल दिवा विझला. तिनं कानावरचे हेडफोन उतरवले आणि बाहेर यायला उजव्या हातानं कपाटाची चौकट धरली. बाहेर टीव्ही वाढला होता, पण हेडफोनमुळे तिला कळलं नव्हतं. "हाक मारली की ऐकू येत नाही का?" एवढं म्हणून नवऱ्यानं दार खांद्यानं लोटलं. घरं पाडणाऱ्या माणसाचा खांदा, आणि बंगल्याचं लाकूड. तीन बोटं चौकटीत होती. तिनं स्वतःच ऐकलं ते: ओलं लाकूड फोडावं तसं. दार परत उघडलं, तिनं हात ओढून घेतला आणि तोंड गोधडीत खुपसून ओरडली. तो म्हणाला, "बघून ठेवायचा ना हात." आणि इस्पितळातही तोच गाडीनं घेऊन गेला. तिथल्या परिचारिकेनं त्याचं कौतुक केलं, किती जपतो बायकोला.

दोन बोटं पुढे कायमची ताठ राहिली. आता टाळी वाजेना. मग ती पेन्सिलीनं स्टँडच्या बुडावर ठोका द्यायची: टण्. पहिल्याच दिवशी इस्पितळातल्या कारकुनानं विचारलं, "ताई, टाळी कुठं गेली? देवळात आल्यासारखं वाटतंय."

"बढती मिळाली टाळीला," ती म्हणाली.

कात्रीबाईनं तो ठोका ऐकला, हात का वापरत नाही ते विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाली, "आत्ता नीघ." ती म्हणाली, "मोठा दिवस होऊ दे. सगळे येणार आहेत. तेवढं माझं आहे, मावशी. तेवढं टाकून नाही येणार." आणि फोन बंद केला. हट्टीपणात दोघी एकाच माळेचे मणी.

मोठा दिवस म्हणजे शिवणपेटीची पहिली पूर्ण आवृत्ती जगापुढे ठेवायचा दिवस. दुपारपासून सगळे एकाच वेळी, थेट, बोलत बोलत काम करणार, आणि ज्याला ऐकायचं त्यानं तेव्हाच ऐकायचं. गिरणीवाले आजोबा, इस्पितळातला कारकून, दोन विद्यार्थिनी, आणि एका कोपऱ्यात गप्प बसलेली कात्रीबाई. ती कपाटात, दार किंचित किलकिलं, लाल दिवा लागलेला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शेवटचा टाका पडला. आजोबा आणि कारकून यांनी एकमेकांचं चक्क अभिनंदन केलं. "आजोबा, तब्येत बरी आहे ना?" "गप रे, आनंदात माणूस काहीही बोलतो."

नवरा लवकर घरी आला होता. साइटवर मजुरांशी वाजलं होतं. त्याला जाकीट हवं होतं, आणि जाकीट कपाटात. लाल दिवा दिसला म्हणून तो काही न बोलता आत वाकला. जाकीट ओढलं, त्याच्यामागोमाग गोधडी आली, आणि गोधडीमागून बॅग. बॅगेतून वाटी घरंगळली आणि फरशीवर कितीतरी वेळ गोल फिरत राहिली.

त्यानं वाटीकडे बघितलं. मग तिच्याकडे. बाहेर टीव्ही वाढला.

"एक मिनिट हं," ती माइकमध्ये म्हणाली. तिचं ते शेवटचं स्वच्छ वाक्य.

त्या दिवशी त्यानं दिवा बघितला नाही. केसांना धरून तिला स्टुलावरून खेचलं, तसं हेडफोन, यंत्र आणि स्टँड सगळं लेंढारासारखं मागून आलं. तोंडावर दोन ठोसे. तिचा दात ओठातून बाहेर आला. ती पडली, तर पोटात लाथ, मग बरगडीत. "निघालीस? कोणाकडे निघालीस? बोल ना! तिकडे तर बोल बोल बोलतेस!" हेडफोनची वायर तिच्या खांद्यावर पडली होती. ती त्यानं गळ्याभोवती गुंडाळली, गुडघा तिच्या पाठीवर रोवला आणि दोन्ही हातांनी ओढली.

पलीकडे आजोबा "काय चाललंय? बाई? बाई!" म्हणून ओरडत होते. हेडफोनमधून त्यांचा आवाज डासासारखा येत होता.

आणि तेवढ्यात टीव्ही बंद झाला.

कमी नाही झाला. बंद झाला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. अचानक सगळं ऐकू येऊ लागलं, खालच्या मजल्यावर, जिन्यात, माइकमध्ये. नवरासुद्धा थबकला. मान वळवून म्हणाला, "आई, लाव तो." आई दारात उभी होती. रिमोट तिनं पदरात घट्ट धरला होता. "नाही लावत," ती म्हणाली.

तेवढ्या थबकण्यात वायर सैलावली. बाराखडीचा डावा हात स्टँडच्या दांड्यावर होता. कसा गेला ते तिला पुढेही सांगता आलं नाही. तिनं पडल्यापडल्याच तो फिरवला आणि ओतीव बूड त्याच्या गुडघ्यावर बसलं. तो कोसळला आणि त्यानं तिच्या केसांवर झडप घातली. दुसरा फटका तिनं गुडघ्यांवर उठून घातला, जबड्यावर. जबडा सुटलेल्या खणासारखा एका बाजूला गेला. तो आडवा झाला आणि दोन्ही हात तोंडापुढे धरून काहीतरी पुटपुटला.

तिसरा मारला नाही असं मी लिहिणार नाही. मारला. उभी राहून, स्टँड डोक्याच्या वर नेऊन, जीव खाऊन, त्याच्या खांद्यावर. खांदा निखळला. मग ती कपाटाला टेकून खाली बसली आणि लाल दिव्याकडे बघत राहिली. तो अजून लागलेला होता.

पोलिसांना फोन आजोबांनीही केला आणि कारकुनानंही. विद्यार्थिनींनी रुग्णवाहिका बोलावली. कात्रीबाई टॅक्सीनं पोचली तेव्हा जिना माणसांनी भरला होता. "एवढा चांगला माणूस हो," असं कोणीतरी म्हणत होतं. कात्रीबाईनं त्या कोणीतरीला कोपरानं बाजूला केलं, आणि ते तिनं अपघातानं केलं नाही.

खटला दोघांवर झाला. त्याच्यावर बायकोला मारहाण आणि जीव घेण्याच्या प्रयत्नाचा, तिच्यावर नवऱ्याला गंभीर दुखापत केल्याचा. त्याच्या वकिलानं सगळी भिस्त तिसऱ्या फटक्यावर ठेवली. पहिले दोन जीव वाचवायला, ते मान्य. तिसरा कशाला? माणूस पडलेला होता, हात पुढे धरलेले होते.

रेकॉर्डिंग कात्रीबाईच्या यंत्रातही उतरलं होतं, आणि पोलिसांना ते द्यायचं होतं. पडद्यावर तीन सुया होत्या. ती इस्पितळात बाराखडीच्या खाटेशी गेली. गळ्याला पट्टा, तोंड सुजलेलं.

"तिसरी सुई मी काढू शकते," कात्रीबाई कुजबुजली. "कोणाच्या बापाला कळणार नाही. उभा जन्म तेच केलंय."

बाराखडीनं मान हलवली. पट्ट्यामुळे धड हलेना, तशी डाव्या हातानं तिनं कात्रीबाईचं मनगट पकडलं. गळ्यातून आवाज आला तो आवाज नव्हताच, चाळणीतून खडी पडावी तसं काहीतरी.

"नको. अख्खं द्या."

"आत जाशील."

"एक काढलं... की बाकीच्यांवर कोण... विश्वास ठेवेल?"

"तूच म्हणत होतीस, कळलं तर मेले."

तिनं मनगट सोडलं. मग म्हणाली, "कळू दे."

कोर्टात ते अख्खं वाजवलं. मंडळातले बरेच जण येऊन बसले होते. आजोबा काठी टेकत सगळ्यात पुढे. दुपारपासूनचं वाजवा, असा न्यायाधीशांचा हुकूम होता, म्हणून आधी बराच वेळ त्या गंभीर खोलीत कोबोलवरची भांडणंच घुमत राहिली. बिनदाराचं घर, नुसतं दार. पट्टेवाल्याला हसू आवरेना. मग वाटी फिरल्याचा आवाज आला आणि कोणी हललं नाही.

"यातला बाईचा आवाज कोणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

ती उभी राहिली. लोक वळून बघू लागले, कारण समोरच्या बाईचा हा खडीसारखा आवाज आणि यंत्रातला तो मधाळ आवाज यांचा मेळच बसत नव्हता.

"माझा," ती म्हणाली. "होता. आणि तिसरा फटकाही माझाच. रागानं मारला."

तिच्या वकिलानं कपाळावर हात मारला. सासूची साक्ष झाली. "तुम्हाला कमी ऐकू येतं ना?" असं मुलाच्या वकिलानं विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं येत होतं. मीच टीव्ही लावत होते." एवढंच बोलून पिंजऱ्यातून उतरली आणि मुलाकडे न बघता बाहेर गेली.

त्याला बऱ्याच वर्षांची शिक्षा झाली. जबडा वाकडाच सांधलेला, निकाल ऐकून तो काय बोलला ते कोणाला कळलं नाही. तिलाही शिक्षा झाली, तिसऱ्या फटक्याची, थोड्या महिन्यांची. ती भोगून आली. लोकांना हे अन्यायाचं वाटलं. तिला नाही वाटलं. कात्रीबाईला वाटलं आणि अजून वाटतं, पण कात्रीबाईला कोणी विचारत नाही.

'जुनं ते सुरू' पुन्हा सुरू झालं. खाष्ट घरमालकिणीच्या खोलीत, कपाटाशिवाय, पलंगावर गोधडीचा तंबू करून. दार उघडं. पहिल्या भागाला तिची खडी ऐकून काही श्रोते गेले. बाकीचे राहिले. कारकुनानं विचारलं, "ताई, घसा बसलाय का?" ती म्हणाली, "उठलाय." टाळीसाठी आता ती मांडीवर चापट मारते. कात्रीबाई आता प्रत्येक सुई ऐकून मगच जुळवते.

तर बाराखडीबाई, आता स्टँड.

खटल्यात तो मुद्देमाल झाला. वर चिठ्ठी, दांड्याला दोरी, पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत जप्त सायकली आणि कोयत्यांच्या गर्दीत उभा. कोर्टानं कधीच मोकळा केला, सही करून घेऊन जायचा फक्त. ठाणं तुझ्या वाटेवर आहे. गेल्या वेळी तू म्हणालीस, "पाऊस आहे, पुढच्या वेळी आणते." त्याआधी म्हणालीस, "माझा हात दुखतो, जड आहे." मी म्हटलं, रिक्षानं आण. तू विषय बदललास. मग मी जाते म्हणाले, चपलासुद्धा घातल्या, आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत आले.

परवा तिथल्या हवालदाराचा तुला फोन आला म्हणे. "बाई, जागा अडते, घेऊन जा तो." तू त्याला सांगितलंस, "मावशी येतील." मग त्यानं मला फोन केला.

मी सांगितलं, ती येईल.